चार तारा, सहा तारा

आमच्या साताऱ्याच्या घरात गेली कित्येक वर्षे एक तंबोरा होता. माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी, सुती खोळीत, भिंतीकडे तोंड करून तो उभा असे. वर्गाबाहेर काढलेल्या विद्यार्थ्यासारखा. घरात कोणी तो वाजवत नसे. दसऱ्याला त्याची पूजा होई, दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावरची धूळ झटकली जाई, आणि एरवी पाहुण्यांची पोरे खोळीत बोट घालून तार छेडत, तेवढाच काय तो त्याचा रियाझ! तंबोरा माझ्या आत्याचा. तो आमच्याकडे कसा आला, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. पण ते ठाऊक असणे आणि कळणे यांत किती अंतर असते, याचा उलगडा मला गेल्या वर्षी झाला. निमित्त झाले एका गिटारचे.

आमची कन्या पुण्यात शिकते. वय वर्षे बावीस. आवाज बरा आहे, असे बापाने म्हणू नये, पण आहे. शिक्षण चालू असतानाच तिने आणि तिच्या एका मैत्रिणीने मिळून गाण्याचा उद्योग सुरू केला. ही बातमी आम्हांला हप्त्याहप्त्याने कळली. पहिल्या हप्त्यात ती 'कॉलेजच्या कार्यक्रमात' गात होती. दुसऱ्यात 'एका कॅफेत' गात होती. तिसऱ्या हप्त्याच्या वेळी ती फोनवर जरा घुटमळली आणि म्हणाली, "बाबा, शनिवारी रात्री आम्ही एका पबमध्ये गातो. महिन्यातून दोनदा."

मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांवर माझे पोट. पण 'पब' या दोन अक्षरी शब्दावर काय बोलावे, ते मला सुचेना. "तिथे लोक काय करतात?" असा एक मूर्ख प्रश्न मी विचारला. "पितात, जेवतात, गप्पा मारतात," ती शांतपणे म्हणाली, "आणि मध्येच कधी तरी ऐकतात."

माझ्या तोंडाशी एक वाक्य आले होते. ते मी गिळले. ते कोणते, हेही पुढे सांगतो.

तिला माझ्याकडून पैसे नको होते. पबमधल्या मानधनातून तिने बारा हजार रुपये साठवले होते आणि तेवढ्यात तिला एक गिटार घ्यायची होती. नुसती नव्हे, विजेची जोड असलेली. लाकडाची पोकळ गिटारच, पण पोटात एक लहानसे यंत्र बसवलेली, म्हणजे वायर लावली की आवाज थेट ध्वनिक्षेपकातून निघावा. आधी एक स्वस्तातली गिटार तिने टपालाने मागवली होती. चार महिन्यांत तिची मान वाकली आणि तारा पडद्यांपासून इतक्या उंच गेल्या, की वाजवणाऱ्याची बोटे सोलून निघावीत. त्यामुळे आता ती हातात घेऊन, तासभर वाजवून घ्यायची, असा तिचा निश्चय होता. सांगलीतल्या एका दुकानात तसे वाजवू देतात, असे तिला मैत्रिणीने सांगितले होते. "तुम्ही चला ना माझ्याबरोबर," ती म्हणाली, "मला तुमचे कान हवेत."

माझे कान! माझे कान म्हणजे रेडिओवर नाट्यसंगीत ऐकत वाढलेले. तरी पण मुलीने बापाचे पैसे नाकारून कान मागावेत, याने मी जरा विरघळलोच. आमच्या सौ. तेवढ्यात म्हणाल्या, "सांगलीला जाताच आहात, तर तो तंबोरा मिरजेला दुरुस्तीला घेऊन जा. किती वर्षं नुसतं म्हणताय!"

अशा रीतीने एका शुक्रवारी सकाळी, एक प्राध्यापक, एक कन्या आणि एक तंबोरा अशी वरात रिक्षातून सातारा स्टेशनकडे निघाली. साताऱ्याचे स्टेशन गावापासून बरेच दूर आहे. तेवढ्या अंतरात तंबोऱ्याची मान रिक्षाबाहेर आणि माझा जीव मुठीत, असा प्रवास झाला. गाडीत मात्र तंबोऱ्याने आपला मान राखला. जागेसाठी भांडणारी माणसेही खोळीतला तो भोपळा पाहून सरकली. एका आजोबांनी तर चपला काढून पाय वर घेतले. माणसापेक्षा वाद्याला आपल्याकडे चटकन जागा मिळते, हे मी त्या दिवशी मनात टिपून ठेवले.

सातारा ते मिरज हा रेल्वेचा रस्ता मला फार आवडतो. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड. मग ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी. डोंगर हळूहळू मागे सरतात आणि दोन्ही बाजूंना ऊस उभा राहतो. किर्लोस्करवाडीला गाडी थांबली, तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. नांगर करणाऱ्या त्याच वाडीतून पुढे १९२० साली 'किर्लोस्कर' मासिक निघाले आणि १९३० साली 'स्त्री'. मुलींनी शिकावे, घराबाहेर पडावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे, हे त्या 'स्त्री'ने किती घरांतून, किती वर्षे सांगितले, याचे व्याख्यान मी कन्येला देऊ लागलो. तिने ते नीट ऐकून घेतले आणि गाडी सुटल्यावर विचारले, "मग बाबा, पबचं काय ठरलं?"

मी खिडकीबाहेर ऊस पाहू लागलो.

सांगली मागे टाकून आम्ही आधी मिरजेला उतरलो. मिरज हे एका अर्थी डॉक्टरांचे गाव आणि दुसऱ्या अर्थी तंतुवाद्यांचे. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात सतारमेकरांची दुकाने आहेत. दुकान म्हणजे काय, तर एक लांबट खोली. छताला टांगलेले वाळके भोपळे, भिंतीला टेकलेल्या दांड्या, जमिनीवर लाकडाचा भुसा आणि हवेत लाखेचा वास. या धंद्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही मंडळी शिकलगार होती, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. संस्थानांची शस्त्रे म्यानात गेली, धारेचे गिऱ्हाईक संपले, तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कारागिराने तंबोरे आणि सतारी करण्यास सुरुवात केली. ज्या हातांनी तलवारीची धार पाहिली, तेच हात सुराची धार पाहू लागले. आज त्यांच्या पुढच्या कित्येक पिढ्या हेच काम करीत आहेत आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

भोपळा येतो पंढरपूर, मंगळवेढ्याकडून. हा खायचा भोपळा नव्हे. कडू आणि जाड सालीचा. तो वेलावर पिकवायचा, सावकाश वाळवायचा, मग कापून आतून साफ करायचा. दांडी तुणीच्या लाकडाची. इतके सगळे जुळले, तरी तंबोरा मुकाच असतो. त्याला बोलता करते ती जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीने इतका बारीक घासायचा, की तार त्याला धड चिकटत नाही आणि धड सुटतही नाही. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा. धागा केसभर इकडेतिकडे झाला, की गुणगुणणाऱ्या तंबोऱ्याची खडखड सुरू होते.

आमचा तंबोरा ज्यांच्या हाती दिला, ते कारागीर सत्तरीच्या पुढचे होते. त्यांनी खोळ काढली, भोपळ्यावर बोटाने टकटक केले आणि म्हणाले, "इथलाच आहे. बाईमाणसाचा दिसतोय."

"कशावरून?" मी विचारले.

"बेताचा आहे ना. बायकांच्या सुराला लहान करतात. पुरुषाचा असता तर भोपळा केवढा असता!" त्यांनी एक तार छेडली. ती कण्हली. "किती वर्षं वाजवला नाही, सर?"

मी मनात हिशेब केला. "साठ तरी झाली."

ते काही बोलले नाहीत. फक्त तंबोरा जरा सांभाळून खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्या दुपारी या."

दुपारी आम्ही सांगलीला आलो. सांगली ही नाट्यपंढरी. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' सादर केले, म्हणून तो दिवस आपण रंगभूमिदिन म्हणून पाळतो. हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यापुढची गोष्ट जरा कमी सांगितली जाते. १८५१ साली श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन वारले आणि भाव्यांचा राजाश्रय तुटला. नाटक तर जगवायचे; मग भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव खेळ केले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून प्रयोग केला. पैसे टाकील त्याने यावे आणि बसावे! राजवाड्यातून नाटक बाजारात आले आणि बाजारात आले म्हणून ते टिकले. मी हे वर्गात पंचवीस वर्षे शिकवत आलो आहे. पण मुलीबरोबर सांगलीच्या रस्त्याने चालताना ते धडे मला जरा अडचणीचे वाटू लागले होते.

दुकान लहान होते. भिंतीवर गिटारी ओळीने टांगलेल्या, कोपऱ्यात हार्मोनियम आणि तबल्याच्या जोड्या. दुकानदार तरुण होता आणि त्याला बोलायची हौस होती. "बजेट किती?" त्याने विचारले. कन्येने बारा हजार सांगितले. "वाजवायची कुठं?" तिने पब म्हणून सांगितले, अगदी सहज, 'शाळेत' म्हणावे तसे. दुकानदारही सहज म्हणाला, "मग आधी दिसायला सुंदर त्या बाजूला ठेवू."

पुढचे दीड तास मी एका नव्या शास्त्राचा विद्यार्थी होतो. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा प्रसंग येणारच, म्हणून शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट मान. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून मानेच्या कडेने पाहावे. ती जवळजवळ सरळ हवी. मग बाराव्या पडद्यापाशी तार किती उंच आहे ते पाहावे. फार उंच असली तर बोटे दुखणार, फार खाली असली तर तारा पडद्यांना घासून खरखरणार. दुसरी गोष्ट सूर. बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवली, की मोकळ्या तारेचाच सूर बरोबर वरच्या सप्तकात यायला हवा. तो जरा चढा किंवा उतरलेला आला, तर ती गिटार कितीही जुळवा, वरच्या पडद्यांवर बेसूरच बोलणार. इथे माझे कान कामाला आले. तीन गिटारींपैकी एक मी ताबडतोब नापास केली. परीक्षकाचा अनुभव कुठे तरी उपयोगी पडतोच!

तिसरी गोष्ट पोटातले यंत्र. घोडीवर जी पांढरी पट्टी असते, तिच्याखाली एक चपटी पट्टी दडवलेली असते. काही स्फटिकांवर दाब पडला, की त्यांतून वीज उमटते, हा शोध १८८० साली पॅरिसमध्ये प्येर आणि झाक क्युरी या भावांनी लावला. तार हलली की त्या पट्टीवरचा दाब बदलतो, दाब बदलला की वीज बदलते आणि ती नऊ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रातून ध्वनिक्षेपकाकडे जाते. म्हणून अशी गिटार नुसती वाजवून घेऊ नये. वायर लावून, सहाही तारा एकेक करून ऐकाव्यात. एखादी तार ओरडते आणि शेजारची कुजबुजते, असे असले तर पट्टी नीट बसलेली नाही. आणि वाजवून झाले की वायर आठवणीने काढून ठेवावी. ती लावलेली राहिली, तर गिटार गप्प असली तरी आत बॅटरी जळत राहते. ऐन कार्यक्रमात ती संपली, म्हणजे फजिती.

अशी पोटात यंत्र असलेली गिटार लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते अमेरिकेतले चार्ल्स कामन मुळात हेलिकॉप्टरे बनवणारे! हेलिकॉप्टरची पाती किती थरथरतात आणि का थरथरतात, हे जाणणाऱ्या त्या कारखानदाराने १९६६ साली 'ओव्हेशन' नावाची गिटार काढली. तिची पाठ सपाट नव्हती. गोल होती, आपल्या भोपळ्यासारखी. पुढे थोड्याच वर्षांत त्यांनी घोडीखाली पिकअप बसवून दिला. दुकानदाराने हे सांगितले, तेव्हा मला सकाळचे शिकलगार आठवले. मिरजेत तलवारीकडून सतारीकडे, अमेरिकेत हेलिकॉप्टरकडून गिटारकडे. युद्धाच्या सामानाशी संबंध आलेल्या हातांना सुराची ओढ लागत असावी, असे आपले मला वाटून गेले.

शेवटी दोन गिटारी उरल्या. एक साडेअकरा हजारांची, जिचे तोंड प्लायवुडचे होते. आणि दुसरी एकोणीस हजारांची, जिचे तोंड एकसंध लाकडाच्या फळीचे. दोन्ही मी डोळे मिटून ऐकल्या. दुसरीचा आवाज असा घुमला, की मला देवळातली घंटा आठवली. आणि माझ्या तोंडून निघून गेले, "ही घे. वरचे पैसे मी देतो."

कन्या माझ्याकडे बघतच राहिली. पबला 'हो' न म्हणणारा बाप पबसाठीच्या गिटारला साडेसात हजार देऊ करतो, हे तिच्याइतकेच मलाही नवीन होते. पण ती म्हणाली, "नको बाबा. आवाज वाढवून बघा."

दुकानदाराने दोन्ही गिटारी पाळीपाळीने मोठ्या आवाजावर लावल्या. एकोणीस हजारांची गिटार एकाएकी किंचाळली. वाफेच्या इंजिनाची शिट्टी अडकावी तशी. कारण सोपे होते. ध्वनिक्षेपकातून आलेला आवाज हवेतून येऊन गिटारच्या तोंडाला हलवतो, ती हालचाल पुन्हा पिकअप पकडतो, पुन्हा ध्वनिक्षेपक ती वाढवतो आणि हे चक्र फिरतच राहते. जे लाकूड जितके जिवंत, ते तितके चटकन हलते. प्लायवुड मंद असते; म्हणून ते उशिरा किंचाळते. शिवाय दमट हवेत, गाडीतून फिरताना ते चिरत नाही. "आमच्याकडे समोर प्लेटा वाजतात, लोक बोलतात, स्पीकर अगदी जवळ असतो," ती म्हणाली. "तिथं मला ही परवडत नाही. पैशांनी नाही, आवाजानं. आणि ही मला वाजवायची आहे, जपून ठेवायची नाही."

शेवटचे वाक्य ती गिटारबद्दल बोलली होती. मला मात्र आमच्या घरच्या कपाटाशेजारचा कोपरा दिसला.

साडेअकरा हजार तिने मोजून दिले. मी फक्त खोळ घेऊन दिली. तेवढे तिने घेऊ दिले.

रात्री आम्ही विश्रामबागेला आत्याकडे गेलो. आत्याचे वय ऐंशी. डोळे अधू झाले आहेत, कान शाबूत आहेत. जेवणानंतर तिने गिटार मांडीवर घेऊन चाचपली. "सहा तारा?" ती म्हणाली. "आमच्या चार. पण चारांवर सगळं भागायचं." मग नातीला म्हणाली, "वाजव बघू."

कन्येने हळू आवाजात एक जुने भावगीत म्हटले. आत्या डोळे मिटून ऐकत होती. गाणे संपले तशी म्हणाली, "कुठं म्हणतेस हे?"

मी चटकन म्हणालो, "पुण्यात, हॉटेलात." 'पब' म्हणायचा धीर मला झाला नाही.

आत्या हसली. "हॉटेलात होय! म्हणजे माझं राहिलं, ते हिनं केलं."

आता ती जुनी हकीकत. सांगलीला आकाशवाणीचे केंद्र १९६३ साली सुरू झाले. आत्या तेव्हा मिरजेला एका बुवांकडे गाणे शिकत होती. दोन वर्षांनी तिने आवाजाची चाचणी दिली, ती उतरली आणि गाण्यासाठी बोलावणारे पत्र घरी आले. आजोबा शाळामास्तर होते. मुलीने गाणे शिकावे, या मताचे. तंबोराही त्यांनीच पगारातून पैसे बाजूला टाकून मिरजेहून आणलेला. पण पत्र वाचून ते म्हणाले, "रेडिओ हॉटेला-हॉटेलांत लावतात. माझ्या मुलीचा आवाज भजी खाणाऱ्यांच्या कानांवर पडणार नाही." पत्राचे उत्तर गेले नाही. पुढच्या वर्षी लग्न झाले. सासरच्या दोन खोल्यांत तंबोऱ्याला जागा नव्हती, म्हणून तो भावाकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे साताऱ्याला आला.

ही गोष्ट आमच्या घरात नेहमी आजोबांच्या करारी स्वभावाचा दाखला म्हणून सांगितली जाई. आणि आम्ही मुले कौतुकाने ऐकत असू. त्या रात्री ती पहिल्यांदाच मी आत्याच्या बाजूला बसून ऐकली.

आणि कन्येचा फोन आला होता, तेव्हा माझ्या ओठांवर कोणते वाक्य आले होते, ते आता सांगतो. 'माझ्या मुलीनं पिणाऱ्यांच्या पुढं गायचं नाही.' आजोबांचेच वाक्य. भज्यांच्या जागी फक्त दुसरा पदार्थ.

"वाईट वाटलं का ग तुला?" मी इतक्या वर्षांनी विचारले.

"वडिलांचं नाही वाटलं," आत्या म्हणाली. "त्यांना भीती होती. वाईट एवढंच वाटलं, की मला कुणी विचारलंच नाही. भजी खाणाऱ्यानं घास हातात धरून दोन मिनिटं थांबावं, असं गाणं मला येत होतं." मग कन्येकडे वळून तिने विचारले, "तुझ्याकडं थांबतात का ग?"

"पहिल्या दोन गाण्यांना नाही थांबत, आत्याआजी," ती म्हणाली. "तिसऱ्याला चारपाच टेबलं गप्प होतात."

"चारपाच पुष्कळ झाली," आत्या म्हणाली. "बिदागी देतात ना वेळेवर?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. गिटार कन्येच्या पाठीवर होती. तंबोऱ्याला नव्या तारा चढल्या होत्या, घोडी घासून जवारी काढली होती. वृद्ध कारागिरांनी तो जुळवला. पंचम, मग जोडीचे षड्ज, मग खर्ज. सूत सरकवता सरकवता एके ठिकाणी त्यांचे बोट थांबले आणि ती सबंध खोली भरून गेली. साठ वर्षे भिंतीकडे तोंड करून उभा असलेला तंबोरा बोलत होता. मी दुसरीकडे पाहू लागलो. कन्या तिच्या ओढणीच्या टोकाशी चाळा करीत होती.

त्यांचे लक्ष मग गिटारकडे गेले. त्यांनी ती वाजवली नाही. नुसती घोडी न्याहाळली. "तारा अंमळ वर आहेत," ते म्हणाले. कन्येने मान हलवली. तिलाही ते दुकानात जाणवले होते. त्यांचा नातू गिटारींची कामे करतो. त्याने तारा सैल केल्या, घोडीवरची पांढरी पट्टी अलगद काढली आणि काचेच्या तुकड्यावर पॉलिशपेपर पसरून ती खालच्या बाजूने घासू लागला.

"वरून का नाही?" मी विचारले.

"वरचा आकार सुराचा आहे, सर," म्हातारबुवा म्हणाले. "उंची कमी करायची, तर खालून करायची. आणि खालची बाजू अगदी सपाट राहिली पाहिजे. नाही तर यंत्राला एक तार ऐकू येईल, एक येणार नाही." तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या माणसाला गिटारच्या यंत्राचे मर्म कळायला कोणत्या शाळेत जावे लागले नव्हते. हल्ली सतारीलाही पिकअप लावून मागतात, असे ते म्हणाले. त्यांना त्याचे वैषम्य दिसले नाही. "ऐकणारा लांब बसला, तर आवाज त्याच्यापर्यंत जायला नको का?"

बाहेर पडून आम्ही दर्ग्याच्या आवारात जरा टेकलो. इथेच उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर प्रकृती बिघडली म्हणून ते सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. पण चिरविश्रांती घेतली ती मिरजेत. दर वर्षी उरुसात मोठमोठे गवई इथे येऊन गातात, आणि समोर कोण बसला आहे, हे विचारीत नाहीत. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर याच मिरजेत १९०५ साली जन्मल्या. प्रतिष्ठित घरांतल्या बायकांनी चारचौघांत गाणे जेव्हा शोभत नसे, तेव्हा हिराबाईंनी तिकिटे लावून जाहीर मैफिली केल्या आणि पुढच्या गाणाऱ्या मुलींसाठी रस्ता मोकळा करून ठेवला. तो रस्ता आमच्या आजोबांच्या दारावरूनच गेला होता. त्यांनी दार लावून घेतले, एवढेच.

तंबोरा आम्ही साताऱ्याला परत नेला नाही. तो विश्रामबागेला आत्याच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी ठेवला. भिंतीला पाठ आणि खोलीकडे तोंड करून. आत्याने चारी तारा एकदा फिरवल्या. गळा लावायचा प्रयत्न केला, पण खोकला आला. "राहू दे," ती म्हणाली, "नुसता वाजवीन. सकाळी चहावाला येतो, तो ऐकेल!"

परतीच्या गाडीत तंबोऱ्याच्या जागी गिटार होती. गिटार पाहून कोणी चपला काढल्या नाहीत. पण सरकून जागा मात्र दिली. संध्याकाळ झाली होती. भिलवडीच्या पुढे कन्येने खोळ उघडली आणि विजेशिवाय, हळूच वाजवायला सुरुवात केली. समोरच्या बाकावर एक कुटुंब भडंग खात होते. दुसरे गाणे झाले. तिसऱ्याला त्या गृहस्थांचा भडंगाचा हात पुडीतच थांबला.

मी कन्येकडे पाहिले. तिनेही ते पाहिले होते.

कराड गेले, मसूर गेले. रहिमतपूरच्या सुमारास मी घसा साफ केला. "पुढचा शनिवार कितवा?" मी विचारले.

"का?"

"नाही, म्हणजे आईला आणि मला यावं म्हणतो. गाणं किती वाजता सुरू होतं?"

"नऊला," ती म्हणाली आणि गिटारवर हनुवटी टेकून हसू लागली. "पण बाबा, तिथं तुम्ही काय घेणार?"

खरोखरच, हा विचार मी केलाच नव्हता. आमच्या सौ.ना शनिवारचा उपास असतो.

"का?" मी म्हणालो. "लिंबू सरबत देत असतील की!"